शेवटचा नंबर का येईना: ॲनिमेशनचं कपाट लावताना काय काय झालं

रात्री साडेदहाला आमच्या प्रोग्रॅमिंग शिकवायच्या ग्रुपवर मेसेज पडला, "दादा रेंज येईना झालीय, काय करू". कणकुंबीकडचा पोरगा, बीसीए पहिलं वर्ष. मी नुकताच जेवून उठलेलो, लगेच रेंजचं ॲनिमेशन शोधून पाठवून दिलं, पायथनमध्ये रेंज एक कॉमा पाच लिहिलं तर एक, दोन, तीन, चारच का येतात आणि पाच कुठं जातो ते दाखवणारं, सहा सेकंदाचं, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर खूश होऊन झोपलो की बघा, मागितलं आणि दहा सेकंदात सापडलं. सकाळी उत्तर आलं, "दादा ती रेंज न्हवं, मोबाईलची. कालचा क्लासचा व्हिडिओ उघडेना." जांबोटी सोडली की पुढं नेटवर्कचे काय हाल असतात हे मला चांगलं माहीत, तरी ज्याला रेंज नाही त्याला मी रेंजचाच व्हिडिओ पाठवून बसलो.

आठवडाभर माझी चेष्टा झाली, ती जाऊ दे. पण वर्षभर आम्ही जे काम करत होतो त्यातली मेन अडचण त्या एका मेसेजमध्ये आहे. पोरं ज्या शब्दात अडतात ते शब्द वेगळे आणि आपण फाईलला जी नावं देतो ती वेगळी, कधीकधी तर स्पेलिंगसकट सारखी असून वेगळी. ॲनिमेशन बनवणं त्यामानानं सोपं निघालं. ते सापडणं अवघड, आणि सापडलेलं दुसऱ्यानं दुसऱ्या जागी वापरणं त्याहून अवघड.

आम्ही म्हणजे बेळगावातले पाचजण. मी उद्यमबागेत सीएनसी मशीनचे प्रोग्रॅम लिहितो, एक पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) शिकवणारी मॅडम जिला आम्ही सगळे अक्काच म्हणतो, दोघं पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करणारे, आणि एक डिप्लोमाचा पोरगा जो सगळ्यात जास्त राबतो. रविवारी टिळकवाडीत एका ओळखीच्यांच्या माडीवर क्लास, बाकी सगळं ग्रुपवर. येणारी पोरं शहरातली, येळ्ळूरची, खानापूरची, काही निपाणी-चिकोडीकडची जी फक्त ग्रुपवर असतात. कोण मराठी मीडियम, कोण कन्नड मीडियम, आणि सगळ्यांची परीक्षा इंग्लिशमध्ये. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीटीयूचं, म्हणजे इंजिनीअरिंगच्या विश्वेश्वरय्या युनिव्हर्सिटीचं, मुख्यालय आमच्याच बेळगावात, त्यामुळं घरोघरी एक तरी इंजिनीअरिंगवालं पोरगं आहे आणि पहिल्या वर्षाला सी लँग्वेज नावाचा डोंगर आहे. बीएस्सी-बीसीएवाले पायथन करतात. प्रश्न मात्र दरवर्षी तेच. लूप (तेच काम परत परत करणारा कोड) एकदा जास्त का फिरला, स्कॅनएफनं (सी मध्ये कीबोर्डवरून इनपुट घेणारं फंक्शन) नंबर घेतला आणि पुढचं कॅरेक्टर न विचारताच पळाला, इज इक्वल टू एकदा आणि दोनदा यात फरक काय. ही उत्तरं टाईप करून करून बोटं दुखायला लागली म्हणून ठरवलं की हलती चित्रं करूया, एकदा करायची आणि कायम वापरायची.

पहिल्या सहा महिन्यात साठेक क्लिपा झाल्या. कोण पॉवरपॉइंटमधून करतोय, कोण स्क्रीन रेकॉर्ड करतोय, मी तर फोनवरच्या ॲपमध्ये बोटानं काढायचो. रेंजवालीच पहिली क्लिप अठ्ठेचाळीस सेकंदाची होती, सुरुवातीला आमच्या ग्रुपचं नाव फिरत यायचं, मागं तबला, मग माझा आवाज "नमस्कार मित्रांनो", आणि मुद्दा एकतीसाव्या सेकंदाला. तोपर्यंत पोरगं पुढच्या चॅटमध्ये गेलेलं.

नावांचं तर विचारू नका. लूप-फायनल, लूप-फायनल-दोन, लूप-खरंच-फायनल. अक्कानं एका रविवारी बसून सगळ्यांना नीट नावं दिली, तीन तास गेले, आणि सगळं पाण्यात, कारण व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की पलीकडच्या फोनमध्ये तो व्हीआयडी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि एक आकडा अशा नावानं सेव्ह होतोय. म्हणजे आम्ही दिलेलं नाव आमच्याच लॅपटॉपपुरतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर नाव राहतं, पण मग ते चॅटमध्ये चित्रासारखं दिसत नाही, आणि पोरं डॉक्युमेंट दिसलं की नोट्सची पीडीएफ समजून सोडून देतात.

तोडगा मला वडगावात मिळाला. काकांच्या घरी माग होते. जॅकार्डवरचं साडीचं डिझाईन म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांब माळ, तीच माळ लावून सूत बदललं की दुसऱ्या रंगाची साडी. काकांच्याकडं माळेला नाव नसायचं, नंबर असायचा, आणि तो पुठ्ठ्यावरच लिहिलेला, वहीत नाही, कारण वही हरवते आणि माळ खुंटीवरच असते. (१८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जॅकार्डनं हे यंत्र काढलं आणि कॉम्प्युटरच्या पंचकार्डाचं मूळ त्यातच सांगतात, हे मी काकांना कौतुकानं सांगितलं तर म्हणाले, "मग पगार तुमचाच का वाढतोय?") तर आम्ही पण नंबर फाईलच्या नावात न ठेवता चित्रातच टाकला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, ठळक. कोण फॉरवर्ड करू दे, कोण स्क्रीनशॉट काढू दे, कोण स्टेटसला लावू दे, नंबर सोबत जातोय. दोन महिन्यात पोरंच म्हणायला लागली "चौदा नंबर परत टाका ना". एवढ्या साध्या गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या कुठल्याच हुशारीनं पडला नाही, हे माझं मत, आमच्यातले सॉफ्टवेअरवाले मान्य करत नाहीत.

स्क्रीनशॉटचं निघालं म्हणून सांगतो. चिकोडीकडच्या एका मुलीनं वहीत आमच्या क्लिपचं चित्र काढलेलं, तिनं फोटो पाठवला. बघतोय तर क्लिपची शेवटची फ्रेम. तेव्हा लक्षात आलं की ही पोरं क्लिप दोनदा बघतात, शेवटी थांबलेलं चित्र तेवढं धरून ठेवतात, आणि आमच्या निम्म्या क्लिपांच्या शेवटी काय होतं? पांढऱ्यावर "धन्यवाद". तेव्हापासून नियम केला, हलणं संपलं की शेवटचं चित्र दोन सेकंद तसंच राहणार आणि त्या एका चित्रावरून अख्खा मुद्दा कळला पाहिजे. रेंजच्या क्लिपमध्ये शेवटी पाच खण दिसतात, चार भरलेले, पाचव्याच्या आधी दांडी आडवी पडलेली आणि बाण दांडीला टेकून उभा. बास. (खण म्हटलं की घरच्या बायकांना गुळेदगुड्डचा चोळीचा खण आठवतो, त्यामुळं बहीण विचारायची, "पाचव्या खणाचं शिवलंस का?")

आणि पहिल्या फ्रेमचं उलटं. गॅलरीत किंवा चॅटमध्ये वर सरकवत शोधताना जे छोटं चित्र दिसतं ते बहुतेकदा सुरुवातीचं असतं. आमच्या सगळ्या क्लिपा पांढऱ्या पडद्यावरून हळूहळू उगवायच्या, म्हणजे साठ क्लिपांची साठ छोटी चित्रं कोरी! आता पहिल्या फ्रेमला चुकीचा कोड आणि चुकीचं उत्तर, थेट. ज्याची तीच चूक झालीय त्याला लांबूनच ओळखू येतं.

आता कुंद्याचं सांगतो, कारण इथं आम्ही नुसते नापास न होता पोरांना चुकीचं शिकवून मोकळे झालो होतो. व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये किंमत ठेवायला दिलेलं नाव, म्हणजे डबा हे सगळेच सांगतात. आम्हाला वाटलं आपल्या गावचं काहीतरी पाहिजे, म्हणून डब्यात कुंदा, बेळगावची खव्याची मिठाई. दोन डबे, ए आणि बी, बी मध्ये कुंदा. ए इज इक्वल टू बी लिहिलं की बी चं झाकण उघडतं, कुंदा छान लवत लवत उडी मारतो आणि ए मध्ये जाऊन बसतो. डिप्लोमावाल्यानं त्या उडीवर दोन रात्री घालवलेल्या, इतकी देखणी क्लिप दुसरी नव्हती. पोरांना तुफान आवडली. पुढच्या रविवारी अक्कानं फळ्यावर लिहिलं, ए बरोबर बी, आता बी मध्ये काय? अर्धा वर्ग म्हणाला, रिकामा. का तर कुंदा गेला ना इकडं! त्यांची काय चूक, कुंदा एका डब्यातून दुसऱ्यात गेला की पहिला रिकामाच होणार, आणि असाइनमेंटमध्ये (इज इक्वल टू नं किंमत देताना) तसं होत नाही, बी मधली किंमत बी मध्ये राहते, ए मध्ये तिची नक्कल जाते आणि ए मधलं जुनं पुसलं जातं. उडी जेवढी देखणी तेवढा गैरसमज पक्का.

मग डबा गेला आणि पाटी आली. पाटीवर सात लिहिलेलं, दुसऱ्या पाटीवरचं तीन पुसून तिथं सात लिहिलं जातं, पहिल्या पाटीवरचं सात जागेवर. यात उडी नाही, गंमत नाही, पण नक्कल म्हणजे काय आणि जुनं का जातं ही दोन्ही उत्तरं एकाच चित्रात. ॲनिमेशनमध्ये जी वस्तू घेतो ती तिचे सगळे गुण घेऊन येते, त्यातला एक तरी गुण कोडच्या विरुद्ध असला तर पोरं नेमका तोच लक्षात ठेवतात. डिप्लोमावाला अजून म्हणतो कुंदा परत कुठंतरी घेऊया, आम्ही म्हणतो खायला घे.

पाटी पण पुरली नाही, हे नंतर कळलं. सी साठी केलेली पाटीची क्लिप आम्ही पायथनच्या पोरांना बिनधास्त पाठवत होतो, वापरायची तर दोन्हीकडं वापरूया म्हणून. साध्या नंबरांपर्यंत निभावलं. मग निपाणीच्या एका पोरानं विचारलं की ए मध्ये एक-दोनची लिस्ट आहे, बी इज इक्वल टू ए केलं, बी मध्ये अपेंड करून तीन घातला, तर ए छापल्यावर पण तीन कसा येतोय, मी ए ला हात पण लावला नाही. पाटीच्या हिशोबानं हे शक्यच नाही! पायथनमध्ये नाव म्हणजे पाटी नसतंच, नाव म्हणजे वस्तूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, बी इज इक्वल टू ए केलं की त्याच एका लिस्टला दुसरी चिठ्ठी लागते. नंबर जागेवर बदलता येत नाही म्हणून तिथं पाटी चालल्यासारखी वाटते, लिस्ट आली की उघडं पडतं. तेव्हापासून आमच्या शीटमध्ये, म्हणजे सगळ्या क्लिपांच्या यादीत, एक कॉलम आहे, "कुठं चालत नाही". पाटीच्या ओळीत लिहिलंय: सी ला चालते, पायथनच्या लिस्टला अजिबात नाही, तिथं बावीस नंबरची चिठ्ठी पाठवा. दुसऱ्याचं ॲनिमेशन उचलताना हा कॉलम सगळ्यात आधी वाचायचा असतो आणि तोच कोण लिहीत नाही.

भाषेचं आता. आमच्याकडं मराठीत लिहिलं की कन्नड मीडियमवाली पोरं गप्प बसतात, कन्नडमध्ये लिहिलं की दुसरी बाजू गप्प, इंग्लिशमध्ये लिहिलं की दोन्ही बाजू गप्प. पहिल्या क्लिपांमध्ये मराठी शब्द चित्रात चिकटवलेले आणि वर माझा आवाज, म्हणजे कन्नडसाठी सगळं नव्यानं करा. दोन-तीन केल्या पण, दम लागला. मग दोन गोष्टी केल्या. आवाज काढून टाकला, आणि चित्रातले शब्द पाचच्या वर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं, आणि ते पाच शब्द पण वेगळ्या फाईलमध्ये. क्लिपा आता मॅनिम वापरून बनवतो, थ्री ब्लू वन ब्राऊन चॅनेलवाल्या ग्रँट सँडरसननं स्वतःच्या गणिताच्या व्हिडिओसाठी लिहिलेली ती पायथनची लायब्ररी, तिची लोकांनी चालवलेली आवृत्ती २०२० पासून आहे. ॲनिमेशन म्हणजेच कोड, त्यामुळं खण, बाण, पाटी, चिठ्ठी, दांडी हे एकदा लिहून ठेवलं की नव्या क्लिपला वीस-तीस ओळी लागतात. शब्दांची फाईल बदलली की तीच क्लिप कन्नडमध्ये. मॅनिमचा साधा मजकूर देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट जुळवून दाखवतो, फक्त शब्दातलं एक अक्षर वेगळ्या रंगात करायला जाऊ नका, "प्र" आपल्याला एक दिसतो, आत तीन कोड असतात आणि चित्रात त्याचा तुकडा एकच, मोजणी जुळत नाही आणि रंग भलत्या अक्षराला लागतो. अख्खा शब्द रंगवा, गप बसा.

रंगावरून आठवलं. चूक लाल, बरोबर पिवळ्यात चमकणार असं आधी केलेलं. एकानं सहज विचारलं, "लाल-पिवळा का घेतलाय ओ?", म्हणजे कन्नड झेंड्याचे रंग. दुसरा म्हणाला मग भगवा घ्या की. इथं राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. निळा आणि राखाडी घेतला, विषय संपला. लाल-हिरव्याची जोडी तशीही टाळायची होती कारण बऱ्याच लोकांना त्यातला फरक दिसत नाही, म्हणून चूक आता रंगानं नाही तर फुलीनं दाखवतो. चूक दाखवताना भराभर चमकवायचो ते पण बंद, सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा उघडझाप करू नये असं वेबच्या सुलभतेच्या नियमांमध्येच आहे, काही लोकांना त्यानं फिट येऊ शकते.

शोधायचं मात्र वर्षभर पुरलं. शीटमध्ये आधी आमचे शब्द होते: पुनरावृत्ती, चलपद, सरणी (म्हणजे लूप, व्हेरिएबल आणि ॲरे, ओळीनं मांडलेल्या किमती). अक्काचा हट्ट. एका पण पोरानं आजवर सरणी शोधलेली नाही. मग आम्ही ग्रुपचे जुने मेसेज काढून पोरांची वाक्यं जशीच्या तशी शीटमध्ये भरायला लागलो, "शेवटचा नंबर येईना", "लूप एकदा जास्त फिरायलाय", "कॅरेक्टर विचारतच नाही पुढं पळतंय", कन्नडवाल्यांचं "लास्ट नंबर बरल्ला" (येत नाही). स्कॅनएफच्या क्लिपचं आमचं नाव होतं इनपुट बफर. पोराला माहीतच नसतं की बफर नावाचं काही आहे, माहीत असतं तर विचारलंच नसतं! नंबर टाकून दाबलेला एंटर रांगेत मागं राहतो आणि पुढचा स्कॅनएफ तोच कॅरेक्टर म्हणून उचलतो, हे उत्तर आहे, आणि शोधणाऱ्याकडं फक्त लक्षण असतं. डॉक्टरकडं कोण रोगाचं नाव घेऊन जात नाही, पोट दुखतंय म्हणून जातो.

तरी अर्ध्या क्लिपा सापडेनात. ॲरे शोधलं की सात ऐवजी तीनच. शीट डोळ्यासमोर, ॲरे लिहिलेलं दिसतंय, पण शोध म्हणतोय नाही. एका रात्री ते वेगवेगळे ॲरे पायथनमध्ये टाकून एकेका अक्षराचा कोड छापला तेव्हा उजेड पडला. माझ्या कीबोर्डवरचा "ॲ" एकच अक्षर, २४१८. अक्काच्या कीबोर्डवर आधी "अ" मग वर चंद्र, २३०९ आणि २३७३, दोन अक्षरं, असं: "अॅ". आणि डिप्लोमावाल्याच्या जुन्या टायपिंगमध्ये मध्ये एक न दिसणारा जोडकोड, ८२०५, म्हणजे तीन अक्षरं: "अ‍ॅ". डोळ्याला तिन्ही एकच, मशीनला तीन वेगळे शब्द. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारी यादी) आलंच २००८ साली, त्याआधी लोक जोडूनच लिहायचे, म्हणून हा घोळ. वाईट म्हणजे युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं अक्षर एका रूपात आणणं) पण हे एक करत नाही, मी चालवून बघितलं. शेवटी स्वतःच तीन ओळी लिहिल्या, सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडं तिन्ही रूपांचं एकच करायचं. "दुसऱ्या" मधल्या आडव्या र चं पण असंच आहे, तो पण दोन तऱ्हेनं टाईप होतो. शिवाय लूप, लुप, आणि रोमनमधले चार स्पेलिंग. ते मशीननं सुटत नाही, हातानं भरतो.

याच नादात एक प्रश्न पण सुटला जो महिनाभर पडून होता. एका पोराचा साधा प्रोग्रॅम चालेना, संख्या बरोबर पाच, बास एवढाच. त्यानं मराठी कीबोर्डवरून "५" टाकलेला. पायथन ३ ला व्हेरिएबलचं नाव "संख्या" चालतं, पण कोडमध्ये थेट ५ असा आकडा चालत नाही, सिंटॅक्स एरर. आणि गंमत म्हणजे तोच ५ अवतरणात घालून इंट ला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) दिला की निमूट पाच होतो! यावर चार सेकंदाची क्लिप केली, शोधशब्द: "सगळं बरोबर आहे तरी एरर".

चित्र बघून पोरं शिकतातच असं नाही, हे आम्हाला कुंद्यानं शिकवलंच होतं, नंतर वाचनात पण आलं. हुंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ मध्ये अल्गोरिदमच्या ॲनिमेशनवरचे २४ प्रयोग एकत्र तपासले, आणि त्यांचं म्हणणं असं की पडद्यावर काय दाखवता यापेक्षा पोरगं त्याच्यासोबत काय करतं याचा परिणाम जास्त. म्हणून आता उत्तराच्या आधी क्लिप दीड सेकंद थांबते, खणावर प्रश्नचिन्ह येतं. ग्रुपवर क्लिप टाकताना अक्का लिहिते, "थांबल्यावर उत्तर टाईप करा, मग पुढं बघा". सगळी करत नाहीत. जी करतात ती चुकतात, आणि मग भांडतात, आणि तेव्हाच कळतं असा अक्काचा अनुभव.

काहीजण विचारतात की फिलिप गुओचं पायथन ट्यूटर २०१० पासून फुकट आहे, स्वतःचा कोड टाका आणि एकेक ओळ चालताना बघा, मग हे कशाला. आम्ही पण ते वापरतो, रविवारी लॅपटॉपवर. पण फोनच्या स्क्रीनवर ते बारीक होतं, नेट लागतं, आणि काय अडलंय हे ज्याला सांगता येत नाही त्याला स्वतःचा पन्नास ओळींचा कोड हलताना बघून जास्तच गरगरतं.

फॉरमॅटबद्दल दोनच वाक्यं. जीआयएफ १९८७ चा, एका फ्रेमला २५६ रंग, थांबवायची सोय नाही आणि वजनाला भारी, व्हॉट्सॲप तसंही त्याचा व्हिडिओच करतं, म्हणून सरळ एमपी फोर पाठवतो. आणि मूळ मॅनिमचा कोड ड्राईव्हवर, कारण नंतर बदल करायचा तर व्हिडिओतून काही करता येत नाही.

मध्ये एका क्लासवाल्यानं आमच्या डझनभर क्लिपा उचलून कोपऱ्यातल्या नंबरावर स्वतःचा लोगो चिकटवला. डिप्लोमावाला पेटला होता, मला तेवढं वाईट वाटलं नाही, पण नंबर झाकला याचा राग आला, कारण त्याच्या पोरांना "पाटी पायथनला चालत नाही" हे कधीच सापडणार नाही. त्यानंतर सगळ्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन लावलं, नाव द्या, बदल करा, पण तुमचं पण असंच खुलं ठेवा.

रिकर्शन, म्हणजे फंक्शन स्वतःलाच परत बोलावतं ते, अजून जमलेलं नाही. चार क्लिपा झाल्या, पाट्यांची चळत, जिना, विहिरीत उतरणारा बाण, आणि एक मी डब्यात डबा केलेली जी डबा या शब्दावरूनच बाद झाली. चारही बरी दिसतात, पण शीटमध्ये त्यांच्यापुढं पोरांचं वाक्य एकच, "कळंना", कारण रिकर्शनमध्ये नक्की काय कळलं नाही हे पोरांना सांगताच येत नाही, आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याला शोधता कसं येणार. गेल्या रविवारी क्लास सुटल्यावर जिन्यात एक पीयूसीची मुलगी अक्काला म्हणाली, "फंक्शन स्वतःलाच फोन लावतंय हे ठीक आहे, पण पहिला फोन होल्डवरच असतोय काय? तो कोण ठेवतंय?" अक्कानं तिथंच पायरीवर बसून ते वाक्य शीटमध्ये भरलं. एकसष्ट नंबर दिलाय, त्या ओळीला क्लिप अजून नाही. डिप्लोमावाला फोन काढायला बसलाय, मी त्याला विचारलं की फोनमध्ये असं काय काय आहे जे फंक्शनमध्ये नाही, त्याची यादी आधी कर.